किडनी बायॉप्सीचा रिपोर्ट कसा वाचायचा: सूज किती आणि वण किती

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला की जवळजवळ सगळेच एक गोष्ट करतात, शेवटची ठळक ओळ वाचतात, ती गूगलवर टाकतात आणि मग रात्रभर झोप नाही. माझ्या धाकट्या बहिणीला लुपस नेफ्रायटिस आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून किडनीला आलेली सूज, त्यामुळे नेफ्रॉलॉजी ओपीडीबाहेरचं बाकडं आमच्या घराला चांगलं ओळखीचं झालंय, आणि तिथे शेजारी बसलेली माणसं कागद पुढे करून विचारतात की ताई यात काय लिहिलंय हो. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, औषध कुठलं आणि किती हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्टच ठरवणार. पण कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, कारण वाचता आला तर नेमकं विचारता येतं, आणि नेमकं विचारलं की उपचार का चाललेत ते कळतं, मग माणूस गोळ्या मध्येच सोडत नाही.

अख्खा रिपोर्ट वाचताना डोक्यात दोनच प्रश्न ठेवा. सूज किती आहे? वण किती आहेत? सूज म्हणजे आत्ता या घडीला किडनीत शिरलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि त्यांनी केलेली ताजी इजा, ही औषधाने उतरू शकते. वण म्हणजे जिथे कामाचा भाग मरून गेला आणि त्या जागी नुसते धागे भरले तो भाग, तो परत येत नाही. स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, एन्डॉक्सन (सायक्लोफॉस्फामाइड) ही जी जड औषधं आहेत ती सगळी सुजेसाठी आहेत, वणावर त्यांचा काही उपयोग नाही. आणि सूज तशीच राहिली तर तिचाच पुढे वण होतो. रिपोर्टमधले बाकी सगळे अवघड शब्द या दोन खणांपैकी कुठल्यातरी एकात जातात, ते कसे टाकायचे एवढंच शिकायचंय.

आधी किडनीतल्या चार जागा

रिपोर्ट चार जागांबद्दल बोलतो. पहिली ग्लोमेरुलस, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, हीच गाळणी, एका किडनीत अशा साधारण १० लाख असतात. दुसरी ट्यूब्यूल, गाळून आलेल्या पाण्यातलं कामाचं परत ओढून घेणारी नळी. तिसरी इंटरस्टिशियम, नळ्यांच्या मधली जागा. चौथी मोठ्या रक्तवाहिन्या.

हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो आणि दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं, त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर येतं. एवढं रक्त, तेही दाबाखाली, एवढ्या नाजूक जाळीतून जातंय म्हटल्यावर रक्तात फिरणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं, आणि त्यांचे गठ्ठे तिथे अडकणार हे ओघानेच आलं. म्हणूनच मूळ आजार भलतीकडे असतो, लुपसमध्ये सांधे, त्वचा, कुणाचा घसा, कुणाचं फुप्फुस, आणि किडनी मात्र त्यात सापडते. लोक म्हणतात आमच्याकडे कुणाला किडनीचा त्रास नव्हता, पाणीही भरपूर प्यायचा, मग कसं झालं. पाण्याचा इथे काही संबंध नाही हो.

कुठली पेशी काय करते

न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सगळ्यात आधी पोचतात, काही तासांत. त्या जंतू मारण्यासाठी जी रसायनं सोडतात तीच रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला जाळतात. आन्का व्हॅस्क्युलायटिस नावाचा जो आजार आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज, त्यात रक्तातल्या आन्का नावाच्या अँटिबॉडी थेट न्यूट्रोफिललाच चिकटून तिला चेतवतात आणि मग ती बारीक वाहिन्यांच्या भिंती फोडते. रिपोर्टमध्ये नेक्रोसिस किंवा कॅरिओऱ्हेक्सिस असे शब्द दिसले तर ते ताज्या इजेचे, सुजेच्या खणात टाका.

टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचा एक प्रकार, ह्या जास्त करून नळ्यांच्या मध्ये आणि नळ्यांच्या भिंतीत शिरतात, त्याला ट्यूब्युलायटिस म्हणतात. औषधाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये आणि ट्रान्सप्लांट रिजेक्शनमध्ये हे दिसतं. बॉस्टनला २३ डिसेंबर १९५४ ला डॉ. जोसेफ मरे यांच्या टीमने पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होतं, रोनाल्डची किडनी रिचर्डला, आणि ती टिकली कारण रिचर्डच्या टी पेशींना ती परकी वाटलीच नाही. बाकी सगळ्यांना ट्रान्सप्लांटनंतर गोळ्या का घ्याव्या लागतात त्याचं उत्तर तिथेच आहे.

आणि गंमत नाही, खरंच महत्त्वाचं आहे, टी पेशी जंतू नसताना पण इजा करतात. किडनीचं रक्त काही वेळ थांबवून परत सुरू केलं तर इजा होते, मोठ्या ऑपरेशनमध्ये किंवा बीपी फार पडल्यावर असंच होतं, तर उंदरांवर २००१ मध्ये दाखवलं गेलं की ज्यांच्यात सीडी४ टी पेशी नाहीत त्यांच्या किडनीला कमी इजा होते आणि त्या पेशी परत दिल्या की इजाही परत येते. त्याच कुटुंबातल्या काही टी पेशी उलट बाकीच्यांना आवरतात, त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात, त्यांच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, साकागुची, ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांना. त्यामुळे प्रतिकारशक्ती जास्त म्हणजे चांगली, हे गणित इथे चालत नाही. आवर घालणारी बाजू कमी पडली की ऑटोइम्यून आजार होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते.

बी पेशी आणि त्यांच्यापासून बनलेल्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात. लुपसमध्ये स्वतःच्या डीएनएविरुद्ध, मेम्ब्रेनस नावाच्या किडनीच्या आजारात बहुतेक वेळा गाळणीच्या पोडोसाइट नावाच्या पेशीवरच्या प्रथिनाविरुद्ध, त्याचं नाव पीएलए२आर, हे २००९ मध्ये सापडलं आणि आता रक्ताच्या साध्या टेस्टमध्ये कळतं, काही पेशंटना त्यामुळे बायॉप्सीही लागत नाही. अँटिबॉडी अडकल्या की कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं तिथे खर्च होतात, म्हणून डॉक्टर सी३ आणि सी४ करायला सांगतात.

आता मॅक्रोफेज. माझ्या मते ही एक पेशी समजली की अर्धा रिपोर्ट समजला. सुरुवातीला ती सूज वाढवते, बाकीच्या पेशींना बोलावते. नंतर तीच मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करते आणि नळी भरून यायला मदत करते. उंदरांमध्ये इजेच्या आधी मॅक्रोफेज काढून टाकले तर इजा कमी होते आणि इजेनंतर काढले तर किडनी बरी व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणजे पेशी तीच, वेळ वेगळी. पण मूळ कारण गेलंच नाही, अँटिबॉडी येतच राहिल्या किंवा इजा करणारं औषध चालूच राहिलं, तर दुरुस्ती संपतच नाही, टीजीएफ बीटासारखे सिग्नल सुटत राहतात, धागे बनवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि वण जमायला लागतो. सुजेचा वण होतो तो असा. म्हणून "सध्या काही त्रास नाही, गोळ्या बंद करून बघू" हे ऐकलं की मला काळजी वाटते, कारण हे सगळं दुखत नाही. किडनीतली ही सूज बहुतेक वेळा अजिबात दुखत नाही.

बायॉप्सीच्या आधीचे कागद पण सोबत ठेवा

बायॉप्सी एकटी वाचायची नसते. लघवीचा रिपोर्ट काढा. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार, आणि लॅबमध्ये शक्यतो तासा-दोन तासात पोचली पाहिजे कारण नंतर त्यातल्या पेशी फुटतात. पाळी चालू असेल तर थांबा, तसं लॅबला सांगा, नाहीतर उगाच रक्त दिसतं. ताप असताना किंवा खूप व्यायाम करून दिलेल्या लघवीत पण प्रोटीन जास्त येऊ शकतं.

त्यात बघायचं आरबीसी कास्ट आहेत का. म्हणजे लाल पेशी नळीत अडकून तिच्या आकाराच्या झालेल्या, या दिसल्या तर रक्त वरून गाळणीतूनच येतंय, मुतखड्याचं नाही. तसंच डिसमॉर्फिक आरबीसी, वेड्यावाकड्या झालेल्या लाल पेशी. पांढऱ्या पेशींचे कास्ट असतील तर नळ्यांच्या आसपास सूज असू शकते. लघवीत पस सेल, म्हणजे पांढऱ्या पेशी, आहेत म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका, कल्चरमध्ये जंतू वाढले का ते आधी विचारा, कारण कल्चर निगेटिव्ह आणि पांढऱ्या पेशी भरपूर हा इम्यून सुजेचाही प्रकार असू शकतो, शिवाय आपल्याकडे टीबी पण डोक्यात ठेवावा लागतो.

लघवीतला प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.२ च्या आत हवा. ३ - ३.५ च्या वर गेला की पायाला, डोळ्यांखाली सूज, लघवीला न बसणारा फेस.

रक्तातल्या क्रिएटिनिनबद्दल, म्हणजे किडनीने बाहेर टाकायच्या कचऱ्याबद्दल, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, लॅबच्या नॉर्मल रेंजमध्ये आहे म्हणजे किडनी नॉर्मल आहे असं नाही. २५ वर्षांच्या मुलीचं क्रिएटिनिन १.१ असेल तर बऱ्याच लॅबमध्ये त्यावर खूणसुद्धा येत नाही, पण हिशोब केला तर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ७० येतो. क्रिएटिनिन उशिरा वाढतं, लघवीतलं रक्त आणि प्रोटीन खूप आधी दिसतं, आणि लघवीची तपासणी ही या सगळ्या फाइलमधली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

मग सी३, सी४. दोन्ही कमी असतील तर लुपसचा संशय वाढतो. सी३ कमी आणि सी४ ठीक, आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा किंवा त्वचेवर फोड येऊन गेलेले असतील तर इन्फेक्शननंतरचा नेफ्रायटिस, लहान मुलांत जास्त, यात सी३ साधारण ६ ते ८ आठवड्यांत परत वर येतो, नाही आला तर डॉक्टर पुन्हा विचार करतात. घसा धरल्यावर एक-दोन दिवसांतच कोकाकोलाच्या रंगाची लघवी झाली तर तो आयजीए नेफ्रोपॅथीचा, म्हणजे आयजीए नावाची अँटिबॉडी गाळणीत साचण्याचा प्रकार वाटतो, त्यात सी३, सी४ बहुतेक नॉर्मल. घसा आधी की लघवी आधी आणि मध्ये किती दिवस, हे पेशंटनेच सांगायचं असतं, मशीन सांगत नाही, तेव्हा तारखा लिहून न्या.

आता रिपोर्ट उघडा

सगळ्यात आधी किती ग्लोमेरुलाय, म्हणजे गाळण्या, मिळाल्या ते बघा. सुईने काढलेले एक-दोन बारीक धागे असतात, त्यात किमान ८ - १० गाळण्या तरी असाव्यात. चारच मिळाल्या असतील तर निष्कर्ष कच्चा असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा की सँपल पुरेसं आहे का. त्या आकड्याशेजारी ग्लोबली स्क्लेरोज्ड किती ते लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ १६ पैकी ३, म्हणजे १६ मधल्या ३ पूर्ण वण झाल्यात. वयस्कर माणसात थोड्या असतातच, तरुण मुलात जास्त असतील तर आजार जुना आहे.

मग लाइट मायक्रोस्कोपीचा परिच्छेद. इथे शब्द वेगळे करा. एन्डोकॅपिलरी हायपरसेल्युलॅरिटी, म्हणजे गाळणीच्या वाहिन्यांच्या आत पेशींची गर्दी, हे सुजेत. सेल्युलर क्रेसेंट, म्हणजे गाळणी फुटून बाहेरच्या पोकळीत पेशी, त्यात मॅक्रोफेज पण असतात, चंद्रकोरीच्या आकारात भरल्या, हेही सुजेत आणि हे तातडीचं. क्रेसेंट बऱ्याच गाळण्यांमध्ये असतील तर क्रिएटिनिन दिवसादिवसाला वाढू शकतं, अशा वेळी पुढच्या महिन्याची तारीख घेऊन घरी यायचं नाही, आजच कोणाशी बोलायचं ते विचारायचं. फायब्रोसेल्युलर क्रेसेंट मधला, फायब्रस क्रेसेंट वणात. सेगमेंटल स्क्लेरोसिस वणात. इंटरस्टिशियल इन्फ्लमेशन आणि ट्यूब्युलायटिस सुजेत. इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्यूब्युलर अ‍ॅट्रॉफी, ज्याला थोडक्यात आयएफटीए लिहितात आणि पुढे टक्के देतात, तो वण. माझं मत विचाराल तर पुढे काय होणार याचा अंदाज बांधायला हा आयएफटीएचा टक्का ठळक अक्षरातल्या आजाराच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत.

त्यानंतर इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे कुठली अँटिबॉडी कुठे चिकटलीय ते चमकवून बघतात, ० पासून ३ प्लसपर्यंत. आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू सगळंच पॉझिटिव्ह, याला फुल हाउस म्हणतात, लुपसची खूण. आयजीए सगळ्यात जास्त तर आयजीए नेफ्रोपॅथी. आयजीजी सरळ रेषेत म्हणजे लिनिअर असेल तर अँटी-जीबीएम, म्हणजे गाळणीच्या पडद्याविरुद्धच्या अँटिबॉडीचा आजार, फार दुर्मिळ पण तातडीचा, फुप्फुसातून रक्तही येऊ शकतं, प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलणं, लागतं. आणि जवळजवळ काहीच नाही पण क्रेसेंट आहेत, याला पॉसी-इम्यून म्हणतात, हा बहुतेक आन्काचा. इथे लोक फसतात, "काहीच नाही" वाचून बरं वाटून घेतात, पण यात इजा न्यूट्रोफिल करतायत, अँटिबॉडी तिथे साचत नाहीत एवढंच. एक सँपल फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरं वेगळ्या द्रावणात का पाठवतात ते पण यामुळेच, फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावर ही तपासणी नीट होत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी सगळीकडे होत नाही आणि उशिरा येते, ती आली नाही म्हणून उपचार थांबवतात असं नाही.

लुपसच्या रिपोर्टमध्ये क्लास १ ते ६ असतात, २००३ ची आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, २०१८ मध्ये सुधारली. ३ मध्ये निम्म्यापेक्षा कमी गाळण्या, ४ मध्ये निम्म्या किंवा जास्त, ५ मेम्ब्रेनस, ६ म्हणजे ९० टक्के किंवा जास्त वण. क्लासचा आकडा मोठा म्हणजे नेहमी वाईट असं नाही हां, क्लास ४ मध्ये सगळी सूजच असेल तर औषधाला चांगला प्रतिसाद मिळू शकतो. त्याखाली अ‍ॅक्टिव्हिटी इंडेक्स २४ पैकी आणि क्रॉनिसिटी इंडेक्स १२ पैकी दिलेला असतो, तुमचे दोन खण तिथे आयतेच आकड्यात मांडलेले असतात. आयजीएमध्ये हेच मेस्ट-सी नावाच्या स्कोअरने लिहितात, त्यातला ई आणि सी सुजेचे, एस आणि टी वणाचे, टी२ म्हणजे निम्म्याहून जास्त भागात वण.

औषधामुळे झालेली सूज, हे जरा जास्त सांगते

कारण हा प्रकार थांबवता येतो. अ‍ॅक्यूट इंटरस्टिशियल नेफ्रायटिस असं रिपोर्टमध्ये येतं, गाळण्या ठीक आणि नळ्यांच्या मध्ये टी पेशी, मॅक्रोफेज, कधी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी यांची गर्दी. कारण बहुतेक वेळा एखादं औषध. अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्या, अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, काही अँटिबायोटिक्स, टीबीची रिफॅम्पिसिन, विशेषतः मध्ये गॅप पडून परत सुरू केली तर. पुस्तकात ताप, पुरळ आणि इओसिनोफिल वाढलेले अशी तीन लक्षणं दिलीयत पण तिन्ही एकत्र साधारण दहातल्या एकालाच दिसतात, बाकीच्यांना नुसता थकवा, भूक नाही, आणि क्रिएटिनिन वाढलेलं. अँटिबायोटिकने काही दिवसांत होऊ शकतं, अ‍ॅसिडिटीच्या गोळीने कित्येक महिन्यांनी, म्हणून कुणाला संबंध लागत नाही.

तर करायचं काय, की मागच्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी करायची, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, चूर्ण, काढा, भस्म, प्रोटीन पावडर, चेहऱ्याचं क्रीमसुद्धा, आणि ते रॅपर पिशवीत घालून ओपीडीत न्यायचं. क्रीम का म्हणाल तर केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधल्या २२ मेम्ब्रेनस पेशंटची माहिती प्रसिद्ध केली, त्यातले १५ जण नेल-१ नावाच्या प्रकारचे होते आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते, त्यात पारा. म्हणजे त्वचेतून गेलेल्या पाऱ्यामुळे अँटिबॉडी बनून गाळणीत साचल्या. यात क्रीम बंद करणं हाच उपचाराचा पहिला भाग असतो. इंटरस्टिशियल नेफ्रायटिसमध्येही तसंच, संशयित औषध आधी बंद, पण तेसुद्धा डॉक्टरांना विचारून, टीबीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. स्टेरॉइड द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, द्यायचं असेल तर लवकर दिलेलं बरं, कारण सुजेचा वण व्हायच्या आत.

पावसाळ्यात आपल्याकडे अजून एक असतं, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. कोकणात भातशेतीत उघड्या पायाने काम करणारे, मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चाललेले, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत किती पेशंट आले ते अजून लोकांना आठवतं. त्यात जंतू स्वतः नळ्यांपर्यंत पोचतात आणि त्यांच्या मागे पांढऱ्या पेशी, त्यामुळे इंटरस्टिशियल नेफ्रायटिस. लघवी होत असते तरी क्रिएटिनिन वाढतं आणि पोटॅशियम उलट कमी असू शकतं. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर किडनी बहुतेकांची पूर्ण भरून येते. पाण्यातून चाललेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं असेल तर अंगदुखीची डायक्लोफिनॅक देऊ नका, तिने किडनीवर अजून ताण येतो, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कुठलं औषध कुठल्या पेशीला

स्टेरॉइड जवळजवळ सगळ्यांनाच दाबतं म्हणून लवकर काम करतं आणि म्हणूनच त्याचे त्रासही सगळीकडे, साखर, बीपी, चेहरा सुजणं, हाडं, झोप. पल्स म्हणजे शिरेतून ३ दिवस मोठा डोस, मग गोळ्या हळूहळू कमी. अचानक बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार नसतं, जिवावर बेतू शकतं. मायकोफेनोलेट वाढणाऱ्या टी आणि बी दोन्ही पेशींना रोखतं. टॅक्रोलिमस टी पेशींना, ते १२ तासांच्या अंतराने ठरलेल्या वेळी, आणि लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, तपासायला द्यायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर. रिटुक्सिमॅब बी पेशींना, त्याच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे. एन्डॉक्सनचा लुपससाठीचा एक प्रचलित कोर्स ५०० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, असे ६ डोस. लुपसमधली एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) गोळी लहान वाटते पण ती सोडू नका, फक्त डोळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे करत राहा.

लग्नाच्या, मुलांच्या वयातल्या मुली असतील तर हा विषय घरचे टाळतात, टाळू नका. मायकोफेनोलेटवर गर्भ राहिला तर बाळात व्यंग येऊ शकतं, ते किमान ६ आठवडे आधी बंद करून दुसऱ्या औषधावर यावं लागतं. एन्डॉक्सनचा बीजकोषांवर परिणाम होतो, तर सुरू करायच्या आधीच विचारा. बहिणीच्या वेळी हे आईने विचारलं, सगळ्यांसमोर, स्पष्ट, आणि बरंच झालं.

औषधं चालू असताना ताप आला तर घरी क्रोसिन देऊन दोन दिवस बघत बसायचं नाही. फ्लू आणि न्यूमोकोकलची लस कधी घ्यायची ते विचारा, जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत. टीबी होऊन गेला असेल किंवा घरात कुणाला असेल तर आधीच सांगा. आणि इम्युनिटी वाढवणाऱ्या काढ्यांपासून लांब. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटमध्ये लिव्हरला ऑटोइम्यूनसारखी इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. पण ज्याचा आजारच स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे झालाय त्याने ती अजून चेतवणारं काही का घ्यावं?

डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात, तेव्हा कागदावर लिहून न्या: सँपल पुरेसं होतं का, सूज किती वण किती, आपण कशावर उपचार करतोय, तीन महिन्यांनी लघवीतलं प्रोटीन कितीपर्यंत उतरलं तर तुम्ही समाधानी असाल, आणि नाही उतरलं तर पुढे काय. खर्चाचं पण लाजू नका, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते सरकारी हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षकांना किंवा योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

शेवटचं, लॅबमध्ये तुमच्या सँपलचा मेणातला ब्लॉक आणि काचा ठेवलेल्या असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर परत सुई घालायची गरज बहुतेक वेळा नसते, लेखी अर्ज देऊन ते मागता येतात. रिपोर्टवर जो बायॉप्सी नंबर असतो तो फोनमध्ये फोटो काढून ठेवा, मागताना तोच विचारतात.